नेझोमीटरचा आकडा एक सांगतो, कान दुसरंच: विसंबायचं कशावर?

घोषस्पर्श

नमस्कार. केंद्रात नेझोमीटर (बोलताना नाकातून किती आवाज येतो ते मोजणारं यंत्र) नव्यानं आला आहे आणि सुरुवातीच्याच नोंदींत मेळ बसत नाहीये. जाणकारांनी कृपया सांगावं.

मुलगा, वय ७. दुभंगलेल्या टाळूची शस्त्रक्रिया लहानपणीच झालेली. बोलणं कानाला सरळसरळ गेंगाणं लागतं, मध्यम प्रमाणात. प, ट, क म्हणवून घेताना नाकाखाली धरलेला आरसा धुरकटतो. स जवळजवळ पूर्ण नाकातून निघतो, घोरल्यासारखा.

नेझोमीटरवर अनुनासिक नसलेली वाक्यं घेतली: "बाबा, पेपर टाका", "दादा, डबा दे", "सिंह झाडाखाली बसला". तीन वेळा मोजलं, तर नेझलन्स (एकूण आवाजातला नाकाचा टक्का) २४, ३१ आणि २६ आला. मधे मुलगा उठून गेला होता, त्यामुळे हेडसेट दर वेळी काढून पुन्हा लावला. अनुनासिकांनी भरलेली वाक्यं ("मामी, नऊ नाणी मोज" वगैरे) घेतली, तेव्हा ३८.

हायपरनेझल, म्हणजे जास्त गेंगाणं, ठरवण्यासाठी ३२ च्या आसपासची मर्यादा वाचनात आहे. त्या हिशोबानं हा मुलगा नॉर्मलमध्ये बसतो, पण कान ते मान्य करत नाही. आकड्यांत एवढा फरक का पडतो, मराठी वाक्यं कशी निवडावीत, आणि पुढची तपासणी कोणती, एवढं कळलं तर बरं होईल.

---

मृदुतालू

आधी "सिंह" काढून टाका. लिहिताना तो अनुस्वार आहे, पण उच्चार "सिंव्ह" असा होतो, म्हणजे नाकातला व. "संशय", "अंश", "संसार" यांचंही तसंच. उलट "घरं", "गावं", "केलं" यांच्यावरचा अनुस्वार आजच्या बोलण्यात नाकात जात नाही, ते शब्द चालतील. म्ह, न्ह, ण्ह हे अनुनासिकच धरायचे. मराठी वाक्य डोळ्यांनी तपासून भागत नाही, मोठ्यानं म्हणून पाहावं लागतं.

आता मुख्य गोष्ट. तुम्ही २४-३१ वर अडकला आहात, पण या नोंदींतला बोलका आकडा ३८ आहे. इंग्रजीतल्या प्रमाणित साहित्यावर निरोगी माणसाचा नेझलन्स अनुनासिकरहित उताऱ्याला १५ च्या आसपास आणि अनुनासिक वाक्यांना ६० च्या आसपास येतो. हे आकडे मराठीला जसेच्या तसे लावू नका, कारण स्वरांचं आणि अनुनासिकांचं प्रमाण वेगळं पडतं. तरी ३८ एवढा खाली येणं भाषेच्या फरकानं होत नाही. म आणि न म्हणतानाही पुरेसा आवाज नाकातून बाहेर पडत नाहीये, म्हणजे नाक कुठेतरी अडलंय.

नेझलन्स म्हणजे नाकातली ध्वनिऊर्जा भागिले नाक आणि तोंड मिळून होणारी ऊर्जा, गुणिले १००. यंत्राला मऊ टाळूची फट दिसत नाही, नाकपुडीबाहेर आलेला आवाज तेवढा कळतो. फट असूनही पुढे नाक चोंदलेलं असेल तर आवाज आत शिरतो, घुमतो आणि अडकतो. कान तो घुमणारा गेंगाणेपणा ओळखतो, आकडा मात्र घसरतो. याला मिश्र अनुनासिकता म्हणतात आणि दुभंगलेल्या टाळूच्या मुलांत ती वारंवार दिसते, कारण नाकाचा पडदा वाकडा असणं त्यांच्यात नेहमीचं आहे. ॲडिनॉइड (नाकाच्या मागे, घशाच्या वरच्या भागातली गादी) किंवा टॉन्सिल मोठे असतील तर ते वेगळंच.

दोन्ही आकड्यांतलं अंतर पाहायची सवय लावा. निरोगी माणसात ते ४५ च्या घरात येतं. तुमच्याकडे जेमतेम १० ते १२ आहे. नुसतं "अनुनासिकरहित वाक्य ३२ च्या आत की बाहेर" असं पाहिलं की असे रुग्ण हमखास निसटतात.

यंत्राशिवाय पडताळायचं तर नाक दाबून पाहा. "मामी, नऊ नाणी" हे वाक्य एकदा नाक मोकळं ठेवून, एकदा चिमटीत धरून म्हणवून घ्या. निरोगी नाकात दोन्हींत ठळक फरक पडतो, म चा ब होतो. फरक पडला नाही तर नाक आधीच बंद आहे. मग "बाबा, पेपर टाका" तसंच दोनदा. इथे फरक पडायला नको; पडला तर आवाज नाकात गळतोय. दोन्ही चाचण्या उलट्या आल्या की मिश्र अनुनासिकता समजा.

तीन नोंदींत ७ चा फरक का, याचं उत्तर तुम्हीच दिलं आहे: हेडसेट काढून पुन्हा लावला. नाकाचा आणि तोंडाचा मायक्रोफोन वेगळे ठेवणारी मधली विभाजक पट्टी वरच्या ओठावर, नाकाच्या लगेच खाली टेकते आणि चेहऱ्याशी काटकोनात आडवी असावी लागते. ती पुढून थोडी झुकली, किंवा ओठाशी कागद सरकेल एवढी फट राहिली, तरी तोंडातला आवाज वरच्या मायक्रोफोनपर्यंत पोहोचतो. मुलं बोलताना मान खाली घालतात तेव्हा पट्टी तिरपी होते, हे बाजूनं पाहिल्याशिवाय कळत नाही. म्हणून रुग्णाच्या समोर न बसता बाजूला बसा. एका बैठकीत हेडसेट न हलवता तीनदा घ्या, मग काढून, पुन्हा लावून तीनदा. तुमच्या केंद्रात पुनर्मांडणीचा फरक किती पडतो ते असं एकदा काढून ठेवलं की पुढे "उपचारानंतर ४ नं सुधारलं" असं चुकून लिहिलं जाणार नाही. ४-५ चा फरक हेडसेटमुळेही पडतो.

कॅलिब्रेशन रोज, पहिल्या रुग्णाआधी. हेडसेट स्टँडवर, स्पीकरच्या बरोबर समोर, दोन्ही मायक्रोफोन सारख्या अंतरावर. दोघांना सारखाच आवाज मिळाला की गुणोत्तर ५० यायला हवं, त्यावर ते बसवतात. खोलीत पंखा किंवा एसी चालू असेल तर बंद करा, आणि स्टँड भिंतीला चिकटवून ठेवू नका. परावर्तनामुळे एका बाजूला जास्त आवाज जातो. नंतर स्वतः हेडसेट लावून "म्ऽऽऽ" लांबवा. ९० च्या पुढे गेलं पाहिजे. मग "आऽऽऽ", तो १० च्या आसपास किंवा खाली. "म्" जर ५-१० दाखवत असेल तर मायक्रोफोनच्या तारा उलट्या जोडल्यात. "आ" २५-३० दाखवत असेल तर पट्टीतून गळती आहे. ही अर्ध्या मिनिटाची चाचणी सोडू नका.

स्वरांचंही लक्षात घ्या. "ई" चा नेझलन्स "आ" पेक्षा निरोगी माणसातही बराच जास्त येतो, दुपटीच्या आसपास. जीभ वर गेल्यानं तोंडातून आवाजाला वाट अरुंद होते आणि थोडा आवाज टाळूच्या पडद्यातूनच थरथरत नाकात पोहोचतो. झडप (मऊ टाळू आणि घशाच्या भिंती मिळून नाकाची वाट बंद करतात ती) पक्की बंद असूनही आकडा शून्य का येत नाही, त्याचं कारण हेच. म्हणून एका भेटीत "दादा, डबा" आणि पुढच्या भेटीत "ताई, शीशी" अशी तुलना करू नका. वाक्यसंच एकच, कायमचा ठरवून ठेवा, आणि वाक्य फार छोटं नको. दोन-तीन अक्षरांच्या तुकड्यावर आकडा हेलकावतो.

---

सर्किट_आणि_स्वर

वरच्याला एक जोड. नेझलन्स वाढलेला आला तरी तो गेंगाणेपणामुळेच असतो असं नाही. झडपेत बारीकशी फट असेल तर हवा दाबानं त्यातून शिरते आणि खळखळ होते. ती खळखळ नाकाचा मायक्रोफोन आवाज म्हणूनच मोजतो. यंत्रातला फिल्टर ५०० हर्ट्झभोवती ३०० हर्ट्झचा पट्टा घेतो, म्हणजे साधारण ३५० ते ६५०. तरीही खळखळीचा काही भाग त्यात येतोच.

ओळखायचं कसं? दोन संच करा. एक दाबाच्या व्यंजनांचा: "बाबा, टोपी टाका", "दादा, डबा दे". दुसरा दाब लागतच नाही असा, फक्त य, र, ल, व आणि स्वर: "ओली वेल वर आली", "ये, वीर, ये". दोन्ही संचांत आकडा चढलेला असेल तर अनुनाद नाकात जातोय. फक्त पहिल्यात चढला, दुसऱ्यात नीट राहिला, तर बारीक फट आणि खळखळ. दोन्ही संचांत "ई" चं प्रमाण सारखं राखा, नाहीतर मृदुतालूंनी सांगितलेली चूक इथेही शिरेल.

फट किती मोठी हे आकड्यात हवं असेल तर नेझोमीटर त्याचं साधन नव्हे, तिथे दाब-प्रवाह पद्धत लागते. वॉरेन आणि ड्युबॉय यांनी ती १९६४ मध्ये मांडली आणि तत्त्व अजून तेच आहे. एक बारीक नळी तोंडात, ओठांच्या आत. दुसरी एका नाकपुडीत, बुचानं ती नाकपुडी पूर्ण बंद करून. या दोन नळ्यांमधला दाबाचा फरक म्हणजे झडपेच्या वरखालचा फरक. दुसऱ्या नाकपुडीत रुंद नळी बसवून प्रवाह मोजायचा. प्रवाहमापकाची जाळी गरम ठेवतात, नाहीतर श्वासातली वाफ तिच्यावर जमते आणि प्रवाह चुकीचा दिसतो.

सूत्र: क्षेत्रफळ = प्रवाह ÷ (०.६५ × √(२ × दाबफरक ÷ घनता)). ०.६५ हा सुधारगुणांक, घनता ०.००१ ग्रॅम प्रति घन सेंमी धरतात. दाब डाइनमध्ये बदलायला विसरू नका. १ सेंमी पाण्याचा दाब म्हणजे सुमारे ९८० डाइन प्रति चौरस सेंमी.

करून दाखवतो. प म्हणताना दाबफरक ५ सेंमी पाणी, नाकातून प्रवाह सेकंदाला १०० मिली. दाब ४,९०३ डाइन. दुप्पट करून ०.००१ नं भागलं की ९८ लाखांच्या वर, वर्गमूळ सुमारे ३,१३०. गुणिले ०.६५ म्हणजे २,०३५. १०० ला त्यानं भागलं की ०.०४९ चौ. सेंमी, म्हणजे ४.९ चौ. मिमी. आता दुसरा रुग्ण: दाबफरक ३, प्रवाह ३००. तसंच सोडवलं की १९ चौ. मिमी येतात. ५ च्या आत पुरेशी बंद, २० च्या वर अपुरी, आणि १० ते २० हा भाग काठावरचा पण अपुरेपणाकडे झुकलेला, असं वाचतात.

शब्द असा हवा की अनुनासिकाहून लगेच प कडे जावं लागेल. मराठीत "चंपा" छान बसतो: म् ला टाळू खाली, प ला झटकन वर. नुसतं "पापा" घेतलं तर टाळू वरच राहते आणि वेळेत बंद होण्यातला उशीर दिसतच नाही.

बिघाड बहुतेक लाळेचा असतो. तोंडातली नळी लाळेनं भरली की दाबाचा आलेख सपाट होतो आणि फट प्रत्यक्षाहून मोठी निघते, कारण सूत्रात दाब कमी पडला. दर चार-पाच उच्चारांनंतर नळीतून हवेची फुंकर मारून ती मोकळी करा. नाकातलं बूच सैल असेल तरीही दोन्ही आकडे खोटे. प्रवाह मोजतो ती नाकपुडी पूर्ण बंद असलेला रुग्ण या पद्धतीला चालत नाही, त्यामुळे तुमच्या मुलाचं नाक आधी मोकळं करायला हवं.

---

पडजीभ

फट कुठे आहे आणि टाळू कशी हलते हे पाहायचं तर नाकातून एंडोस्कोपी. ३ मिमीच्या आसपासची लवचीक दुर्बीण ७ वर्षांच्या मुलाला चालते. नाकात भूल आणि नाक मोकळं करणारं औषध फवारल्यावर पुरेसा वेळ थांबा. घाईनं आत घातली की मूल रडतं आणि रडताना टाळू वेगळीच हलते, ते चित्र बोलण्याचं नसतं.

दुर्बीण नाकाच्या तळाशी सरकवू नका, मधल्या मार्गानं वरून न्या. तळाशी गेलात की टाळूच्या पाठीवर आदळाल. वरून गेलात की खाली पूर्ण झडप दिसते, विहिरीत डोकावल्यासारखी. दोन्ही बाजूच्या भिंती, समोर टाळू, मागे घशाची भिंत. पाहायचं ते असं: टाळू किती मागे जाते, बाजूच्या भिंती किती आत येतात, मागच्या भिंतीवर पासाव्हंटचा उंचवटा येतो का. प्रत्येकाची हालचाल ० ते १ अशा प्रमाणात नोंदवतात, ० म्हणजे जागची जागा आणि १ म्हणजे समोरच्या भिंतीला टेकली. बारीक फट असेल तर तिच्यातून चिकट बुडबुडे फुटताना दिसतात, नेमके स किंवा प च्या वेळी. सर्किट म्हणतात ती खळखळ तीच.

म्हणवून घ्यायला मराठी आकडे फार सोयीचे आहेत. साठ, एकसष्ट, बासष्ट, त्रेसष्ट, चौसष्ट, पासष्ट, सहासष्ट, सदुसष्ट, अडुसष्ट. एकही अनुनासिक नाही आणि दाबाचे स, ष, ट एकामागून एक. एकोणसत्तरला ण येतो म्हणून अडुसष्टवर थांबा. उलट बाजूला नव्वद ते नव्व्याण्णव, प्रत्येकात न किंवा ण्ण. मुलाला क्रम येत नसेल तर तुमच्यामागून म्हणू द्या. या दोन रांगा मी आरशाच्या आणि नाक दाबायच्या चाचणीलाही घेईन.

आणि हे फार महत्त्वाचं: मुलाचे काही उच्चार घशात होत असतील (क च्या जागी गळ्यात झटका, स च्या जागी घशातली घासण), तर त्या उच्चाराच्या वेळी टाळू मुळात उचललीच जात नाही. हवा आधीच खाली घशात अडवली, मग वरची झडप बंद करायची गरजच नाही. दुर्बिणीत तेव्हा भलीमोठी फट दिसते आणि शस्त्रक्रियेचा निर्णय त्या चित्रावर होतो. आधी एक-दोन व्यंजनं तरी योग्य जागी बसवा, मग त्याच व्यंजनांवर झडप तपासा. फट बऱ्याचदा लहान निघते.

बाजूनं एक्स-रे व्हिडिओ घेतला तर टाळूची लांबी, जाडी आणि ॲडिनॉइड दिसतात, ते दुर्बिणीत नीट कळत नाहीत. पण किरणोत्सर्ग असल्यानं मोजके सेकंद, आणि म्हणायचं काय ते आधी घोकून घेतलेलं.

---

घोषस्पर्श

खूप आभारी आहे. नाक दाबून पाहिलं. "मामी, नऊ नाणी" दोन्ही वेळा सारखंच ऐकू आलं, आणि "बाबा, पेपर टाका" मध्ये मात्र फरक पडला. म्हणजे मृदुतालू म्हणाले तेच. कानानाकाघशाच्या डॉक्टरांकडे पाठवत आहे.

तोपर्यंत स वर काम सुरू करावं का? पालक फुंकर मारण्याचे व्यायाम (शिट्टी, बुडबुडे, कापूस उडवणे) रोज करून घेत आहेत. शिवाय नाकात दाब देणाऱ्या सीपॅप यंत्रानं टाळू बळकट होते असं ऐकलं, ते याला लागू पडेल का?

---

मृदुतालू

पाठवताना एक वाक्य ठळक लिहा: ॲडिनॉइड मोठे निघाले तरी काढण्याआधी झडप तपासावी. या मुलांची टाळू आखूड असेल तर ती घशाऐवजी ॲडिनॉइडच्या गादीवर टेकून बंद होत असते. गादी काढली की गेंगाणेपणा वाढतो, कधी कायमचा. अडथळा नाकाच्या पडद्याचा असेल तर प्रश्न वेगळा.

फुंकरीचे व्यायाम थांबवा. पालकांना वाईट वाटेल, पण त्यांची मेहनत वाया जातेय. फुंकताना आणि गिळताना झडप बंद होण्याची पद्धत बोलण्यापेक्षा वेगळी आहे, फुंकर जमली म्हणून स जमत नाही. तो वेळ स ला द्या.

स साठी मराठीत आयती पायरी आहे: चाक, चोच, चूक यांतला दंत्य च. तो मुळात त् आणि स् मिळून बनलेला. त्याच्या तोंडून ट आणि त नाक दाबून तरी नीट फुटतात का पाहा. फुटत असतील तर दात अलगद मिटवून "चाक" मधला च म्हणवून घ्या, नाक चिमटीत. मग चिमटी सोडून. मग तोच च लांबवायचा: "च्ऽऽस्ऽऽ". शेपटीला जो निघतो तो तोंडातला स. काही दिवस "च्स" असाच चालू द्या, नंतर सुरुवातीचा त् गाळा. मुलाला "स म्हण" असं या टप्प्यात म्हणूच नका, तो शब्द ऐकला की जुनी नाकातली सवय लगेच परत येते. "लांब च" म्हणा.

मुलाला स्वतःची गळती कळावी म्हणून एक साधी नळी पुरते. एक टोक त्याच्या नाकपुडीशी, दुसरं त्याच्याच कानाशी. नाकातून हवा गेली की भसकन ऐकू येते. डोळ्यांनी दाखवायचं असेल तर उभ्या नळीत हलका तरंगता गोळा असतो ते साधन घ्या. नाकाशी टोक धरलं आणि हवा गळली की गोळा वर चढतो. दोन्ही साधनं हवेची गळती दाखवतात, गेंगाणा अनुनाद नव्हे, ही मर्यादा ध्यानात ठेवा. आरसाही तसाच. तो बोलणं सुरू झाल्यावर नाकाखाली सरकवायचा आणि संपायच्या आधी काढायचा, नाहीतर शेवटच्या श्वासाचा डाग गळती समजून लिहिला जातो.

नेझोमीटरचा पडदा उपचारालाही वापरता येतो. मुलाच्या आताच्या आकड्याच्या किंचित खाली रेघ ठेवा, दहातून सात-आठ वेळा जमेल अशी. "पा, बा, टा" पासून सुरू करा, "पी, टी" सर्वांत शेवटी. पण नाक चोंदलेलं असताना हे करू नका, आकडा फसवा असल्यानं मुलाला खोटी शाबासकी मिळते.

सीपॅपचं: कून यांनी १९९१ मध्ये हा उपचार मांडला. नाकात बाहेरून दाब दिला की टाळूला त्याविरुद्ध वर उचलावं लागतं, वजन उचलून स्नायू कमवावा तसं. ८ आठवडे, आठवड्यातून ६ दिवस. पहिल्या आठवड्यात रोज १० मिनिटं, दर आठवड्याला २ मिनिटं वाढवत आठव्यात २४. दाब ४ सेंमी पाण्यापासून ८.५ पर्यंत चढवत न्यायचा. म्हणायचं ते स्वर, अनुनासिक, दाबाचं व्यंजन, स्वर अशा क्रमाचं, जोर दुसऱ्या अक्षरावर: अंपा, इंटी, उंका. मराठीत अनुस्वार पुढच्या व्यंजनाप्रमाणे आपोआप म्, ण्, ङ् होतो, त्यामुळे यादी करायला सोपी जाते. नंतर छोटी वाक्यं.

यंत्र झोपेच्या विकाराचंच असतं, पण आपोआप दाब बदलणारं नको. स्थिर दाबावर लावा आणि हळूहळू दाब वाढवण्याची सोय बंद करा, नाहीतर पहिली दहा मिनिटं दाब वाढण्यातच जातात. मास्क फक्त नाकाचा, तोंड मोकळं. कडेनं हवा गळत असेल तर टाळूवर ठरलेला दाब पोहोचत नाही.

तुमच्या मुलाला आत्ता नाही. नाक चोंदलेलं असताना दाब मागे पोहोचतच नाही, आणि कानात संसर्ग असेल तर अजिबात नको. नाक मोकळं झाल्यावर, दुर्बिणीत टाळू हलते आहे पण थोडक्यात कमी पडते आहे असं दिसलं तर विचार करा. टाळू आखूड असेल, किंवा मोठी फट असेल, तर कितीही आठवडे केलं तरी ती लांब होणार नाही. तिथे टाळूची पुन्हा शस्त्रक्रिया, टाळू लांबवणारी फरलो पद्धत किंवा घशाच्या पडद्याची, हाच मार्ग.

---

दंतपट्टी

शस्त्रक्रिया लांबली किंवा शक्य नसली तर कृत्रिम पट्टीही असते, तिचा उल्लेख राहिला म्हणून लिहिते. दोन प्रकार आहेत आणि त्यांची गल्लत होते. टाळू पुरेशी लांब आहे पण हलत नाही, तर टाळू उचलणारी पट्टी: दातांना तारेनं अडकवलेला भाग आणि मागे टाळूला वर टेकू देणारा जिभेसारखा भाग. टाळूच आखूड आहे, तर मागे फुगा असलेली पट्टी, जी फटीत बसते आणि भिंती तिच्याभोवती आवळतात.

फुगा एकदम बनवत नाहीत. मऊ मेणासारखा पदार्थ थोडाथोडा चढवायचा, प्रत्येक थरानंतर मान डावीकडे, उजवीकडे, हनुवटी छातीला, गिळणं आणि बोलणं करून घ्यायचं, म्हणजे भिंतींचे ठसे उमटतात. थर चकाकता राहिला तर तिथे भिंत टेकलीच नाही; मंद, दबलेला दिसला तर टेकली. शेवटी दुर्बिणीनं खात्री करायची. फुगा मोठा झाला की म आणि न बोबडे होतात, मूल रात्री घोरतं, म्हणून झोपताना काढून ठेवायचा. फार खाली बसला तर जिभेचा मागचा भाग आदळून उमासे येतात.

सातव्या वर्षी दुधाचे दात पडत असतात, त्यामुळे तार अडकवायला धड दात मिळत नाहीत आणि पट्टी दर काही महिन्यांनी नव्यानं बसवावी लागते. या मुलाच्या बाबतीत दाढा पूर्ण आल्या आहेत का हे दंतवैद्यांना आधी पाहू द्या.